पिशवीतली चौकोनी दाढ

दात मोजून घ्यायची कल्पना भाचीची. पिशवीवरच्या चिठ्ठीत 'शार्कचे दात, नग १००' असं होतं. तिने दहा-दहाचे ढीग लावले आणि शेवटी तीन उरले. "मावशी, तीन फुकट आले!" म्हणत तिने त्या तिनांतला एक उचलला आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. उलटासुलटा करून बघितल्यावर म्हणाली, "हा शार्कचा नाहीये. ही दाढ आहे. माझी पडली होती ना, तशी."

शार्कला दाढा नसतात, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. (तेही पुरतं खरं नाही. हेटेरोडोंटस नावाच्या शार्कच्या जबड्यात पुढे टोकदार आणि मागे चक्क दाढांसारखे चपटे दात असतात. पण हे मला पंधरा दिवसांनी कळलं.) तोंड उघडलं तसंच मिटलं, कारण तिच्या तळहातावर खरोखरच दाढ होती. वर सपाट माथा, खाली जाडजूड मूळ, आणि सगळा ऐवज ठोकळ्यासारखा चौकोनी.

बाकीच्या दातांबद्दल मला तशी फार चिंता नव्हती. पिशवी मोरोक्कोची, खुरिबगाच्या फॉस्फेट खाणींच्या भागातली. जगातल्या फॉस्फेटच्या ज्ञात साठ्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक मोरोक्कोकडे आहेत. खतासाठी ते उपसताना जीवाश्म दात पोत्यांनी बाहेर पडतात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशा मऊ पदार्थाचा, त्यामुळे तो सहसा टिकत नाही. दात मात्र आयुष्यभर पडत आणि नवे येत राहतात; एका शार्कचे काही हजार सहज होतात. म्हणून हे जीवाश्म दुर्मीळ नाहीत आणि मुलांच्या हातात बिनधास्त देता येतात. पिशवी मागवण्यामागे माझा हेतूही एवढाच होता की सुट्टीत भाचीने काहीतरी वेगळं बघावं.

पहिल्या दिवशी आम्ही सोपे दात वेगळे काढले. मोठे, जाड, त्रिकोणी, दोन्ही खांद्यांवर एकेक छोटं टोक असलेले ते ओटोडस ऑब्लिक्वस. हे एकदा ओळखले की पुन्हा चुकत नाही. बारीक, लांब, सुईसारखे आणि आतल्या बाजूला उभ्या बारीक रेघा असलेले बहुतेक स्ट्रिएटोलॅमिया. ज्यांची टोकं तुटलेली होती त्यांचा ढीग भाचीने 'जखमी' म्हणून वेगळा ठेवला. हे सगळं तासाभरात उरकलं. चौकोनी दाढ एका काडेपेटीत कापूस घालून ठेवली आणि ती कशाची हे 'उद्या बघू' म्हटलं. त्या 'उद्या'ला पुढे तीन आठवडे लागले.

आधी वस्तूचं वर्णन देते, कारण पुढे सगळं त्यावरच फिरणार आहे. व्हर्नियरने मोजलं तर माथा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण १३ मिलिमीटर. उंची त्याहून थोडी कमी. माथा पिवळसर तपकिरी, घासून गुळगुळीत झाल्यासारखा चकचकीत. त्याच्या बाजू सरळ खाली उतरत होत्या, भिंतीसारख्या, आणि त्या भिंतींवर उभ्या बारीक सुरकुत्या. खाली फिकट राखाडी मूळ, आणि त्या मुळाला खालून चिकटलेली मळकट पांढरी माती. रंगाबद्दल एक सांगून ठेवते, कारण मी स्वतः त्यात फसले होते. काळा दात जुना आणि पिवळा नवा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तसं काही नसतं. दात कुठल्या गाळात पुरला गेला आणि त्यात कोणती खनिजं मुरली, यावर रंग ठरतो. मोरोक्कोच्या फॉस्फेटमधले दात मधासारखे पिवळे असतात, तर अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणचे त्यांच्याहून कितीतरी तरुण दात कोळशासारखे काळे निघतात.

पहिल्याच रात्री मी व्हायचं तेच केलं. 'मोरोक्को, फॉस्फेट, दाढ' एवढ्या तीन शब्दांवर वाचत सुटले आणि मध्यरात्रीपर्यंत हत्तीच्या पूर्वजापर्यंत पोचले. यात माझी चूक अगदीच वेड्यासारखी नव्हती. याच खोऱ्यातून, औलाद अब्दून म्हणतात त्याला, एमान्युएल गेरब्रां या फ्रेंच जीवाश्मशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये फॉस्फॅथेरियम आणि २००९ मध्ये एरिथेरियम हे प्राणी जगापुढे आणले. दोघेही हत्तीच्या कुळातले, आणि सोंड वगैरे येण्याच्या फार आधीचे. एरिथेरियम सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याचं वजन अवघं पाच-सहा किलो असावं असा अंदाज आहे. म्हणजे मांडीवर बसेल एवढा हत्ती! आणि या प्राण्यांची ओळख पटली ती मुख्यतः जबडे आणि दाढांवरून.

त्या रात्री मी काडेपेटी उशाशी घेऊन झोपले. हे लिहिताना हसू येतंय, पण खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य असलेल्या मैत्रिणीला दाखवली. जीवाश्मातलं तिला काही कळत नाही, हे तिने आधीच सांगितलं. पण दाढ म्हटल्यावर तिला राहवलं नाही. दिव्याखाली धरून तिने एकेक गोष्ट दाखवली, आणि माझ्या हत्तीला उतरती कळा लागली ती तिथपासून. सस्तन प्राण्याच्या दाढेवर उंचवटे असतात. झिजले तरी त्यांची खूण राहते: मधे मऊ डेंटीन उघडं पडतं आणि भोवती कडक एनॅमलची कड उभी राहते, बेटाभोवती तटबंदी असावी तशी. इथे तशी कड कुठेच नव्हती. माथा सगळीकडे एकसारखा. दुसरं, मानेची रेघ. आपल्या दातात एनॅमल जिथे संपतं आणि मूळ सुरू होतं तिथे एक स्पष्ट वळणदार रेषा असते, मग मूळ निमुळतं होत जातं आणि टोकाशी नसेसाठी छिद्र असतं. "हे मूळ निमुळतं नाहीच," ती म्हणाली, "माथ्याइतकंच रुंद आहे. आणि टोकच नाही तर टोकाचं छिद्र कुठून येणार? खाली नुसती माती लिंपल्यासारखी आहे. रूट कॅनाल करायला आला असता तर मी परत पाठवला असता याला."

मग तिने जाता जाता एक शंका काढली: "बनावट तर नाही ना?" ही मात्र लागली मनाला. मोरोक्कोहून येणाऱ्या जीवाश्मांत जोडाजोड भरपूर होते, हे मी वाचलं होतं. एकाचा माथा, दुसऱ्याचं मूळ, मधली फट वाळू आणि डिंकाच्या मिश्रणाने भरलेली. विशेषतः दातांसकट 'अखंड' जबडे म्हणून जे विकतात, त्यांतले पुष्कळसे असे रचलेले असतात. मुळाखालची ती माती आता मला भलतीच संशयास्पद दिसू लागली.

तपासायचे दोन सोपे मार्ग होते. अतिनील प्रकाशाच्या छोट्या टॉर्चखाली बरेचसे डिंक निळसर-पांढरे चमकतात, म्हणून दार-खिडक्या बंद करून आम्ही दोघींनी दाढेवर टॉर्च मारला. भाचीला हा भाग सगळ्यात आवडला. माथ्यापासून मुळापर्यंत कुठे चमकती रेघ दिसली नाही. जोड असता तर तिथे पट्टा दिसायला हवा होता. दुसरा मार्ग पाण्याचा. कापसाचा ओला बोळा मातीच्या एका कोपऱ्यावर पाच मिनिटं ठेवला आणि टूथपिकने हलकेच टोचलं. माती मऊ होऊन सुटली. डिंकात कालवलेली असती तर ती इतक्या सहज सुटली नसती. म्हणजे ही साधी, मूळचीच माती. मी तेवढ्यावरच थांबले आणि बाकीची माती तशीच राहू दिली. का, ते विचारू नका. वाटलं, ती 'अस्सलपणाची खूण' आहे.

आता ओळखीतून एका विद्यापीठातल्या जीवाश्मतज्ज्ञ मॅडमचा पत्ता मिळाला. त्या माशांवर काम करतात, एवढंच ठाऊक होतं. मी बारा फोटो पाठवले. उजेड छान, पार्श्वभूमी काळी मखमल, एकात तर शेजारी फूलसुद्धा ठेवलं होतं. मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चार ओळींचं. पट्टी कुठे आहे? सगळे फोटो वरून आणि तिरके का? खालून एकही नाही. आणि शेवटची ओळ: "मुळाचा फोटो पाठवा, मग बोलू."

थोडी खट्टू झाले, पण काम नीट करायचं ठरवलं. दातांचे फोटो कसे काढतात याची एक पद्धत आहे आणि ती फुला-मखमलीपेक्षा फार उपयोगी आहे. वस्तू तशीच ठेवून कॅमेरा फिरवायचा नाही. दर फोटोला वस्तू वळवायची आणि कॅमेरा सरळ वरून धरायचा. वरून, खालून आणि चारही बाजूंनी असे सहा फोटो. प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी, आणि ती दाताच्या वरच्या कडेच्या पातळीला उचलून धरलेली, नाहीतर माप चुकतं. उजेड वरून नको, एका बाजूने आडवा. तसा पडला की सुरकुत्या, खड्डे, खोबणी सावल्यांनी उठून दिसतात. भाचीने पाठ्यपुस्तकांची चळत लावून त्यावर फोन आडवा बसवला, मी टेबललॅम्प वाकवून धरला.

खालचा फोटो काढायची वेळ आली आणि माझ्या लक्षात आलं की काढण्यासारखं तिथे काही दिसतच नाही. मुळाचा तळ सगळा त्या मातीने भरलेला. 'अस्सलपणाची खूण' म्हणून जी मी जपली होती, तिनेच नेमकं उत्तर झाकलं होतं.

माती काढायला तीन संध्याकाळी लागल्या. व्हिनेगरमध्ये बुडवा, असा सल्ला एकीने दिला होता; तो मानला नाही, आणि कोणीही मानू नये. आम्ल चुनखडीची माती विरघळवतं हे खरं, पण दातही त्याच्या तावडीतून धड सुटत नाही. माथ्याची चकाकी जाते, मूळ खडूसारखं भुसभुशीत होतं. आम्ही पाण्याचे थेंब, लाकडी टूथपिक आणि जुना मऊ ब्रश एवढ्यावरच भागवलं. सुई नको, कारण धातू मुळावर ओरखडे उठवतो आणि नंतर ओरखडा कुठला आणि नैसर्गिक रेघ कुठली ते कळत नाही. एक थेंब टाकायचा, दोन मिनिटं थांबायचं, दाण्या-दाण्याने काढायचं. भाची पहिल्या संध्याकाळी अर्ध्या तासात कंटाळली. दुसऱ्या संध्याकाळी तीच ओरडली, "मावशी, इथे खाली पोकळ आहे!"

पोकळ नव्हतं, खोबण होती. मुळाच्या तळाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार गेलेली रुंद, खोल खोबण. तिने मुळाचे दोन भाग केले होते, दोन समांतर जाड पट्ट्या. बसायचा पाट डोळ्यांपुढे आणा: वर सपाट फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, मधे मोकळी जागा. अगदी तसं. खोबणीच्या तळाशी भिंगातून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली.

भाचीने आपणहून 'जखमी' ढिगातला एक ओटोडस आणून शेजारी ठेवला. त्याच्याही मुळाचे दोन फाटे झालेले, मधे घळ. ती काही बोलली नाही, पण मला कळलं ती काय दाखवतेय.

सहा फोटो पाठवले. या वेळी मॅडमचा फोन आला. फोनवर त्यांनी उत्तर लगेच सांगितलं नाही. शिकवणाऱ्यांची सवय असणार. म्हणाल्या, "खोबण आणि तिच्यातली छिद्रं बघितलीत ना? रक्तवाहिन्या त्या छिद्रांतून दातात शिरायच्या. अशी खोबण सस्तन प्राण्याच्या दाढेला नसते. मग कोणाला असते?"

"शार्कला?"

"शार्कला आणि त्यांच्या चुलत घराण्याला."

ते चुलत घराणं म्हणजे पाकट. समुद्राच्या तळाशी चादरीसारखे पसरून पोहणारे, लांब शेपटीचे पाकट. शार्कसारखाच कूर्चेचा सांगाडा, शार्कसारखेच पडत आणि उगवत राहणारे दात. फक्त त्यांच्यातले अनेक शिंपले-खेकडे फोडून खातात, त्यामुळे दात कापण्याऐवजी चुरडण्यासाठी बनलेले. तोंडात फरशी बसवल्यासारखे एकमेकांना घट्ट टेकून. आणि आता त्या उभ्या सरळ भिंतींचा अर्थ लागला. ज्याला शेजारी चिकटून बसायचंय त्याच्या बाजू उताराच्या असून चालत नाहीत.

पण इथेच संपलं नाही, कारण चुरडणारे दात अनेकांचे असतात आणि ते एकेक करून वगळायला मॅडमनी मलाच लावलं. त्या फॉस्फेटमध्ये मिलिओबॅटिस नावाच्या पाकटाच्या दातांच्या पट्ट्या खूप मिळतात. पण तिथे मधला दात लांबट, पट्टीसारखा आडवा असतो आणि मुळाला एक नाही, कंगव्याच्या दात्यांसारख्या पुष्कळ खोबणी असतात. माझ्याकडे एकच. बाद. पिक्नोडोंट नावाच्या हाडवाल्या माशांचे दात गोल किंवा लंबगोल बटणांसारखे, आणि ते जबड्यातून सुटले की खाली असं भक्कम मूळ नसतं. उलटे केले तर बहुधा वाटीसारखे पोकळ. बाद. ग्लोबिडेन्स हा मोसासॉर, म्हणजे समुद्री सरड्यांच्या कुळातला, शिंपले फोडणारा. त्याचे दात अळिंबीच्या टोपीसारखे फुगीर आणि खूप मोठे. भाचीला तोच हवा होता, पण बाद.

अशा बटणदार माशांच्या दातांवरून आठवलं. असे गोल दात पूर्वी युरोपात बेडकाच्या डोक्यात तयार होणारे खडे समजून अंगठीत बसवायचे. विषावर उतारा म्हणून. आणि शार्कचे दात म्हणजे 'जिभेचे दगड', चंद्रग्रहणाच्या रात्री आकाशातून पडणारे, असं रोमन प्लिनीने लिहून ठेवलंय. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका मोठ्या शार्कचं डोकं निकोलस स्टेनो या डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञाकडे चिरायला आलं, आणि पुढच्या वर्षी त्याने छापून सांगितलं की हे दगड आणि या तोंडातले दात एकच. त्याच्याआधी इतरांनीही हे म्हटलं होतं, पण लोकांना पटलं ते त्यानंतर हळूहळू. म्हणजे एक रात्र हत्ती उशाशी घेऊन झोपण्याची परंपरा तशी जुनी आहे.

शेवटचा धागा भाचीच्या भूमितीने जोडला. मॅडमनी विचारलं होतं, माथ्याचा आकार नेमका कसा? मी 'चौकोनी' म्हणून मोकळी झाले होते. भाचीने दाढ आलेखाच्या कागदावर उपडी ठेवली, बारीक पेन्सिलने भोवती रेघ काढली आणि कोनमापक लावला. चारही बाजू जवळजवळ सारख्या, पण कोपरे काटकोनात नाहीत. समोरासमोरचे दोन कोपरे काटकोनाहून मोठे, दोन लहान. "हा चौरस नाही," ती म्हणाली, "समभुज चौकोन आहे."

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "नावच तेच आहे त्याचं. ऱ्होम्बोडस." समभुज चौकोनाला ग्रीकवरून ऱ्होम्बस, आणि ओडस म्हणजे दात. नाव दिलंय १८८१ मध्ये डामेस या जर्मन शास्त्रज्ञाने, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या चुनखडीत सापडलेल्या दातांवरून. त्यातली प्रजाती ऱ्होम्बोडस बिंकहॉर्स्टी. मोरोक्कोच्या फॉस्फेटमधल्या पृष्ठवंशीयांवर कामिय आरांबूर यांनी १९५२ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला, त्यात याच ऱ्होम्बोडसच्या आणखी प्रजाती आहेत. मॅडमनी त्यातली चित्रं पाठवली. खालून काढलेलं एक चित्र बघितलं आणि मी आणि भाची एकदमच म्हणालो, "पाट!"

नाव कळलं, पण त्यानेच नवी अडचण उभी केली. पिशवीवरच्या चिठ्ठीत काळ लिहिला होता 'इओसीन, सुमारे पाच कोटी वर्षं'. ओटोडसला ते चालतं, तो इओसीनचा आणि त्याच्या लगेच आधीच्या पॅलिओसीन काळाचाच. पण ऱ्होम्बोडस हा क्रेटेशियसच्या अखेरच्या टप्प्यातला पाकट, आणि त्या टप्प्याचं नावच मास्ट्रिक्टियन, त्याच मास्ट्रिक्ट गावावरून पडलेलं. हा टप्पा सुमारे ७.२ कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपतो. तो संपला ती घटना सगळ्यांना माहीत आहे: डायनोसॉर गेले, मोसासॉर गेले, आणि हा पाकटही त्याच वेळी गेला. म्हणजे माझ्या पिशवीत उल्कापाताच्या अलीकडचा शार्क आणि पलीकडचा पाकट एकमेकांना खेटून आले होते.

असं कसं झालं? औलाद अब्दूनच्या खोऱ्यात थर फार पातळ साचले. समुद्राच्या तळावर गाळ अगदी सावकाश बसत होता, त्यामुळे क्रेटेशियसच्या शेवटापासून इओसीनच्या सुरुवातीपर्यंतची दोन-अडीच कोटी वर्षं काही मजली इमारतीच्या उंचीइतक्याच जाडीत मावली आहेत. खाणीत थरांना वरून खाली आकडे दिलेत: सगळ्यात खालचा तिसरा थर क्रेटेशियसचा, दुसरा पॅलिओसीनचा, पहिला आणि शून्यावा इओसीनचा. यंत्राने उपसलं, ढिगारा कोसळला, पोत्यात भरलं, की तिसऱ्या थराचं दुसऱ्यात मिसळायला कितीसा वेळ? शिवाय मॅडमनी आणखी एक शक्यता सांगितली. जुन्या थरातला दात समुद्रानेच उकरून काढून नव्या गाळात पुन्हा पुरला, असंही होतं. दात कडक, एकदा पुरून पुन्हा निघाला तरी टिकतो. अशा वेळी त्याच्या कडा गोलावलेल्या, घासलेल्या दिसतात. माझ्या दाढेचे कोपरे धारदार होते आणि मुळाच्या पट्ट्या शाबूत, तेव्हा पोत्यातली सरमिसळच अधिक संभवते, असं त्यांचं मत. ठामपणे नाही म्हणाल्या. 'अधिक संभवते' एवढंच.

मग मी म्हटलं, पोत्यात क्रेटेशियसचं एक आलं असेल तर आणखीही आलं असेल. बाकीचे एकशे दोन दात पुन्हा काढले. पहिल्या दिवशी मी घाईने ज्यांना 'बेबी ओटोडस' म्हणून ढकलून दिलं होतं, त्यांत दोन वेगळेच निघाले. बसके, रुंद, टोक मागे झुकलेलं, खांद्यावर छोटी टोकं नाहीत, आणि कडेवर करवतीसारखे दाते. ओटोडस ऑब्लिक्वसची कड गुळगुळीत असते. नखाने तपासलं तरी कळतं. हे दोन स्क्वालिकोरॅक्स. तो शार्कही क्रेटेशियसबरोबर संपलेला. भाचीने एक सुईसारखा लांब, नुसता भाल्याच्या पात्यासारखा चपटा दातही काढला, ज्याला मूळ जवळजवळ नव्हतंच. तो तर शार्कचाच नव्हता, एन्कोडस नावाच्या सुळेवाल्या माशाचा. पिशवीवरच्या चिठ्ठीत 'शार्कचे दात' लिहिणाऱ्याला दोष देत नाही. पहिल्या दिवशी मीही तेच म्हणत होते, हातात भिंग असून.

आता प्रश्न उरला चिठ्ठीचा. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी हवीच, ती नसेल तर दात नुसता दगड, हे मॅडमचं म्हणणं. मी उत्साहात 'ऱ्होम्बोडस बिंकहॉर्स्टी' लिहून मोकळी झाले, तर त्यांनी मधे दोन अक्षरं घालायला लावली: 'सीएफ.'. लॅटिनमधल्या 'तुलना करा' या शब्दाचा तो आखूड केलेला अवतार. म्हणजे वंश नक्की, प्रजाती त्या नमुन्यासारखी दिसते, पण एका सुट्या दातावरून शपथ घेत नाही. पाकटाच्या तोंडातल्या जागेनुसार दाताचा आकार बदलतो. मधले मोठे, कडेचे लहान. १३ मिलिमीटरवरून बारीक दातांची मायक्रोडॉन प्रजाती वगळता येते, पण त्यापुढे जाऊ नये.

चिठ्ठी भाचीने लिहिली, कारण तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. ऱ्होम्बोडस सीएफ. बिंकहॉर्स्टी, पाकट. मास्ट्रिक्टियन, वंशावरून. मोरोक्को, फॉस्फेट, विक्रेत्याच्या चिठ्ठीवरून. थर या शब्दापुढे तिने रेघ ओढून जागा रिकामी ठेवली. विक्रेत्याची जुनी चिठ्ठी फेकायची नाही, घडी करून त्याच डबीत ठेवायची, हेही मॅडमनीच सांगितलं होतं. ती चुकीची असली तरी पिशवी कुठून आली ते सांगणारा कागद तोच. काडेपेटी जाऊन आता पारदर्शक डबी आलीय. दाढ त्यात माथा खाली करून ठेवलीय, खोबण वर.

"उलटी का ठेवलीस?" मी विचारलं.

"वरून बघितली तर परत सगळे हत्ती म्हणतील," ती म्हणाली आणि स्क्वालिकोरॅक्सची चिठ्ठी लिहायला घेतली.